डावीकडे दोन, उजवीकडे एक

रविवारी सकाळी साडेदहाला मुलीचा फोन येई, पावणेअकराला तो संपे, आणि अकराच्या सुमाराला तपासनीस पाना घेऊन जिना उतरत. जिन्याखाली त्यांची मोटरसायकल उभी असे. एकोणीस वर्षांची गाडी. मागच्या चाकाशी जुनं वर्तमानपत्र अंथरून ते त्यावर बसत, कुणी येत-जात नाही ना ते बघत, आणि आदल्याच दिवशी मिस्त्रीने नीट ताणून दिलेली चेन स्वतःच्या हाताने ढिली करत.

गृहस्थाचं डोकं फिरलं असेल असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. डोकं शाबूत होतं, रक्तदाब बेताचा होता आणि सकाळी पोटही वेळेवर साफ होत होतं. चेन ढिली केली की शनिवारी ती दाखवायला गॅरेजवर जाता येई, एवढाच त्यातला हिशेब.

नोकरी त्यांची वजनमापे खात्यात झाली. चौतीस वर्षं. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, तळातून पोकळ केलेलं वजन, मापट्याच्या बुडाशी ठोकलेला पोचा, त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाची वजनं आपोआप खरी होत. अशा माणसाने उतारवयात रविवारी सकाळी पाना घेऊन बसावं, याला जुनी माणसं कुंपणाने शेत खाणं म्हणतात. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. नट सोडताना ते मनातल्या मनात म्हणतही, आणि नट सोडतही.

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. सहा महिने संपत आले तेव्हा मुलीच्या कामाच्या वेळा बदलल्या. त्या जागेवर येतात तोवर दुसऱ्या नातवंडाने वर्दी दिली. तपासनीसही मध्यंतरी महिनाभर म्हणून राहायला गेले होते. दोन खोल्या, पाच माणसं आणि एक कपडे धुण्याचं यंत्र. त्यांची गादी यंत्राशेजारी. सोळाव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की या घरात यंत्रालासुद्धा काम आहे, आपणच तेवढे लोकांनी ओलांडून जायचे आहोत. "तिकडे पाणी भरायला कुणीतरी हवं," असं सांगून ते परतले. पाणी एका माणसापुरतं भरायचं होतं. त्याला चार मिनिटं लागत.

आठ महिन्यांपूर्वी चेन खरोखरच ढिली झाली होती. झाकणावर आपटून खडखड वाजायला लागली म्हणून ते चौकापलीकडच्या गॅरेजवर गेले. मिस्त्रीने गाडी स्टँडला लावली, एक लाकडी खोकं पायाने पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बसा."

तपासनीस बसले. बसल्यावर त्यांना जाणवलं की हा शब्द आपण फार दिवसांनी ऐकला. बँकेत 'रांगेत या' म्हणत, दवाखान्यात 'पुढचा' म्हणत, फोनवर बायको 'जेवलात का' म्हणे, आणि तेच वाक्य त्याच सुरात मागे नातवालाही ऐकवे. 'बसा' कुणी म्हणत नव्हतं. ते दोन तास बसले. मिस्त्रीने चेन ताणली, पाण्याचा तांब्या पुढे केला, एका इंजिनाची करुण कहाणी सांगितली. शेजारचे टेलरमास्तर मधूनमधून शिवणयंत्र थांबवून तीत भर घालत होते.

पुढच्या शनिवारी जायला काही कारण नव्हतं. नुसतं जाऊन बसावं, तर मिस्त्रीच्या डोक्यावर भिंतीवर पाटी होती: 'काम नसताना बसू नये.' शिवाय चौतीस वर्षांत तपासनीस कोणत्याही दुकानात कारणाशिवाय शिरले नव्हते, आणि कारणासहित शिरले तेव्हा त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. म्हणून त्यांनी कारण तयार केलं.

काम तसं अवघड नव्हतं. मागचं चाक लोखंडाच्या दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं. त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. चाकाच्या आरपार एक्सल जातो आणि त्याच्या टोकाला मोठा नट असतो. तो सोडायचा, दोन्ही बाजूंचे ताणाचे बोल्ट उलटे फिरवायचे, चाक गुडघ्याने पुढे ढकलायचं, नट परत आवळायचा. चिमट्यावर दोन्ही बाजूंना खुणा कोरलेल्या असतात. चाक सरळ राहायचं तर दोन्हीकडे सारख्याच खुणा मोजाव्या लागतात. डाव्या बाजूला तपासनीस दोन खुणा सोडत. उजव्या बाजूला सायलेन्सर आडवा येई आणि गुडघा वाकत नसे, तिथे एकीवर भागवत. मग आठवडाभर गाडी खडखडत, किंचित वाकड्या चालीने वाचनालय, भाजीबाजार आणि औषधांचं दुकान करी, आणि शनिवारी दहाला गॅरेजवर हजर होई.

"परत?" मिस्त्री म्हणायचा.

"परत," तपासनीस म्हणायचे, आणि चेहऱ्यावर त्रासलेल्या नागरिकाचा भाव आणायचे. हा भाव त्यांनी समोरून भरपूर पाहिलेला होता.

"चेन का?" टेलरमास्तर शिलाईवरची मान वर न करता विचारत. "साहेब, गाडीला घालता तरी काय खायला? आमच्या मेव्हण्याची गाडी बघा. दोन वर्षं झाली, चेनला हात नाही."

"तुमचा मेव्हणा गाडी चालवतो का?"

"चालवत नाही. पुसतो."

एका शनिवारी मिस्त्रीने चाकाशी बसून बराच वेळ नुसतं बघितलं. मग खुणांवर बोट ठेवलं.

"डावीकडे दोन, उजवीकडे एक. दर वेळी हेच. साहेब, चेन झिजते, लांबते, ढिली होते, कबूल. पण चाक आपल्या पायाने पुढे कसं येईल? चाक सरकतंय म्हणजे नट धरत नाही. आणि नट धरत नाही म्हणजे..." तो थांबला. त्याने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि पँटला पुसला.

तपासनिसांना त्या क्षणी समोरच्या रस्त्यात फार रस वाटू लागला. एक हातगाडी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ती बघितली.

"आणि हे दात बघा," मिस्त्री पुढे म्हणाला. मागच्या चाकाला लागून जे दातेरी चक्र असतं, ज्यावर चेन फिरते, त्या स्प्रॉकेटवर त्याने बॅटरीचा उजेड पाडला. "मांजराच्या नख्या झाल्यात नुसत्या. पुढचं स्प्रॉकेटही असंच असणार. चाकातले धक्का झेलणारे रबरही गेलेत, म्हणून गियर टाकला की गाडी उचकी देते. सगळा सेट बदलायला झालाय."

"नुसती चेन बदलली तर?"

"नव्या चेनला हे जुने दात चार महिन्यांत खातील. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदम बदलायची. हा आमच्या धंद्यातला नियम."

"आमच्याही," टेलरमास्तर म्हणाले. "जुन्या कोटाला नवी बाही लावली की उरलेला कोट लाजून फाटतो."

"एकदा सेट बसवू," मिस्त्री उत्साहाने म्हणाला, "की दोन वर्षं माझं तोंड बघायला नको तुम्हाला."

ही आनंदाची बातमी त्याने इतक्या मनापासून सांगितली की तपासनिसांच्या हातातला पेला जागीच थबकला. दोन वर्षं. म्हणजे शंभरावर शनिवार.

"विचार करतो," ते म्हणाले.

सरकारी नोकरीत त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. नाही म्हटलेलं काम कधी ना कधी होतं, विचार करतो म्हटलेलं कधीच होत नाही. पुढचे चार शनिवार त्यांनी विचारच केला. एकदा बायकोला विचारायचं होतं. एकदा मुलगी येण्याचं घाटत होतं. एकदा ग्रहमान बरं नव्हतं, आणि ग्रहमानावर तपासनिसांचा मुळीच विश्वास नव्हता हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्री चेन ताणून देत राहिला. दर वेळी नट आवळताना तो हल्ली दात-ओठ खाई, आवळून झाल्यावर पुन्हा एकदा आवळे, आणि पाना खाली ठेवला तरी नटाकडे बघत राही. त्याच्या हनुवटीवर अलीकडे दर शनिवारी एखादी ताजी चीर असे. तपासनिसांना वाटे, ब्लेड बोथट असेल.

पाचव्या शनिवारी ते गेले तेव्हा मिस्त्री चहा सांगायला कोपऱ्यावर गेला होता. दाराला नवी पाटी होती: 'दुकान चालवायला देणे आहे.' अक्षर त्याचंच होतं, प्रत्येक शब्द शेवटाकडे उतरत गेलेला.

टेलरमास्तरांनी यंत्र थांबवलं, आणि ते आपल्या दुकानातून उठून बाहेर आले. आठ महिन्यांत तपासनिसांनी त्यांना पायांवर उभं असं पहिल्यांदाच पाहिलं.

"हात गेला म्हणतो."

"कुणाचा?"

"त्याचा. उजवा. नट आवळला जात नाही म्हणतो. डॉक्टरने दाबून-पिळून बघितला, ठणठणीत आहे म्हणाला. तर हा म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय, मला साहेबांच्या गाडीवरून कळतंय. परवा एकाचा नट दुप्पट आवळला, आटेच गेले. ब्रेकची कामं तर महिनाभर घेत नाही. म्हणतो, चेन ढिली राहिली तर माणूस दाखवायला येतो. ब्रेक ढिला राहिला तर येत नाही."

"मग आता?"

"भावाचं फरशीचं दुकान आहे, तिथे बसणार. एक तारखेपासून. हा माणूस, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, ही फरशी स्वयंपाकघरात छान उठून दिसेल." टेलरमास्तरांनी नाक ओढलं. "मीही म्हणतो, दुसरीकडे काढावं दुकान. नुसता कपडा बघून दिवस जात नाही हो."

मिस्त्री आला. चेन ताणली. उजव्या मनगटाला त्याने पट्टा बांधला होता. तपासनीस खोक्यावर बसून होते, पण त्या दिवशी चहाचा पेला त्यांनी भरलेला तसाच खाली ठेवला. नोकरीत असताना मापात मारणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारत: या माणसाचं तू किती खाल्लंस? दुकानदार म्हणे, साहेब, किलोमागे चाळीस ग्रॅम. मिस्त्रीचं आपण किती खाल्लं, हे तपासनिसांना कुठल्याच मापाने मांडता येईना.

रविवारी फोन आला, संपला, आणि ते खाली उतरले नाहीत. पाना टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले. मार्ग सोपा दिसत होता. आपण चाकाला हात लावायचा नाही. शनिवारी चेन जशीच्या तशी निघेल, मिस्त्रीला हाताची खात्री पटेल, पाटी उतरेल. कुणाला काही सांगायला नको, आणि आपलं खोकंही आपल्याला राहील. लबाडी निस्तरायला आणखी थोडी लबाडी. असा विचार करणारे शेकडो दुकानदार त्यांनी पाहिले होते. त्यांच्या पंगतीला जाऊन बसायला त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत.

शनिवारी मिस्त्रीने खुणा बघितल्या. नटाला पाना लावला. नट जागचा हलला नाही.

"आज आहे तशीच आहे," तो म्हणाला.

"बघा!" तपासनीस खोक्यावरून अर्धे उठले. "तुमचा हात अगदी उत्तम आहे. मी म्हणतच होतो."

"कधी म्हणत होतात?" मिस्त्री शांतपणे म्हणाला. "एखाद्या वेळी आंधळ्याचाही नेम लागतो, साहेब. बत्तीस वेळा सुटला, एकदा धरला. यावर काय धंदा करायचा?" तो आत गेला आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. "सेट मी आणून ठेवलाय. तुमचा विचार काही संपायचा नाही. एक तारखेच्या आत तुमची गाडी नीट करून देतो. माझ्या हातचं शेवटचं काम समजा."

त्याने चाक काढायला घेतलं. तपासनीस बघत राहिले. चेन उतरली, चाक बाहेर आलं, स्प्रॉकेट सुटं झालं. मिस्त्रीने ते पुसून दारात उजेडाला धरलं. दात वाकलेले होतेच, पण एका अंगाने ते सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते आणि दुसऱ्या अंगाला कंपनीचा रंग अजून शाबूत होता.

"चाक वाकडं चाललंय कैक महिने," मिस्त्री म्हणाला. "एकाच बाजूने खाल्लंय. एखाद्या दिवशी चेन उतरून चाकात अडकली असती तर तुमचं काय झालं असतं? हे माझं पाप बघा, साहेब. हे मीच केलंय."

तपासनिसांनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं, आपल्या बसायच्या खोक्याकडे पाहिलं. मग ते उठले. हे बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही नाही केलं. मी केलं."

"तुम्ही काय केलंत? तुम्ही बिचारे दर आठवड्याला..."

"दर रविवारी. पाना घेऊन. मीच ढिली करतो."

शेजारचं शिवणयंत्र थांबलं.

मिस्त्रीने आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हसला. "साहेब, माझ्या समाधानासाठी काहीही सांगू नका. या वयात असं कुणी..."

"डावीकडे दोन, उजवीकडे एक. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो."

मिस्त्रीचं हसू ओसरलं. त्याने वाकून चाक परत जागेवर चढवलं, जुनीच चेन घातली, ताणली, नट आवळला. मग पाना तपासनिसांच्या हातात दिला.

"दाखवा."

भर सकाळी, रस्त्याच्या तोंडावर, निवृत्त तपासनीस दुसऱ्याच्या दुकानात जमिनीवर बसले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना 'करून दाखव' म्हटलं होतं, आणि लोक कसे घामाघूम होतात ते पाहिलं होतं. आता ते स्वतः झाले. नटाला सुरुवातीला काही केल्या पाना बसेना. मग बसला, पण नट हलेना. त्यांनी पाय लावला, तेव्हा कुरकुरत सुटला. डावा बोल्ट फिरवला. उजव्या बाजूला जायला ते गुडघ्यांवर रांगत चाकाला वळसा घालून गेले, सायलेन्सरखाली हात घातला, कण्हले, जमेल तेवढं फिरवलं. चाकाला गुडघा दिला. नट आवळला आणि भिंतीला धरून उभे राहिले.

मिस्त्रीने वाकून डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग नटाला पाना लावला. नट लगेच अर्धा वळसा फिरला.

"दोन आणि एक," तो म्हणाला.

टेलरमास्तर हसायला लागले. आधी खुदकन, मग तोंडातली टाचणी काढून हातात घेऊन मोठमोठ्याने. "अहो, काय माणूस आहात! वजनमापाचे साहेब तुम्ही! चोराने पोलिसाला..."

"गप बसा, मास्तर," मिस्त्री म्हणाला. त्याने मनगटाचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला, खिशात घातला. "सहा आठवडे मी डाव्या हाताने दाढी करतोय, साहेब. उजव्याला आराम म्हणून. हे बघा." त्याने हनुवटी पुढे केली. "का पण? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही."

"मग का?"

"बसायला," तपासनीस म्हणाले.

टेलरमास्तरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांना एकदम आत काहीतरी काम आठवलं.

"नुसते येऊन बसला असतात तर मी काय उठवणार होतो?"

तपासनिसांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"ती मास्तरांच्या मेव्हण्यासाठी लावलीय!" मिस्त्री ओरडला. त्याचा आवाज एवढा चढतो हे तपासनिसांना ठाऊक नव्हतं. मग आवाज खाली आला आणि एकदम थंड झाला. "आता मात्र तुमच्यासाठीही आहे."

पुढचा तासभर तपासनीस बाहेर फुटपाथवर उभे राहिले. मिस्त्रीने नवे रबर घातले, पुढचं स्प्रॉकेट बसवलं, मागचं बसवलं, नवी चेन चढवून ताणली. प्रत्येक नट त्याने एकदाच आवळला, दात-ओठ न खाता. शेवटी पांढऱ्या रंगाच्या डबीत काडी बुडवून त्याने एक्सलच्या नटावर एक रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी चिमट्यावर. नट केसभर जरी फिरला असता तरी रेघ तुटली असती.

"नवी चेन आहे," तो गाडीकडेच बघत म्हणाला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तसंच म्हणाला. "पाचशे किलोमीटर झाले की दाखवायला आणा. त्याच्या आधी इकडे फिरकू नका."

गाडी घरी गेली ती आवाज न करता. खडखड नाही, उचकी नाही. जिन्याखाली लावली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "आलात कधी? कळलंच नाही." ते वर गेले. पाणी भरलं. चार मिनिटं लागली.

रविवारी फोनवर बायको म्हणाली, "आवाज का असा येतोय? सर्दी झाली का?"

"नाही. चेन बदलली."

"चेन बदलली की आवाज बसतो का तुमचा? जेवलात का?"

"जेवलो."

वाचनालय, भाजी आणि औषधं मिळून त्यांची आठवड्याची वाटचाल चाळीस किलोमीटरांवर जात नसे. त्या चालीने पाचशेला तीन महिने लागले असते. मीटर पुढे ढकलता येतो, तो कुठून उघडतो आणि कोणत्या कारागिराकडे जावं लागतं, हे सगळं त्यांना नोकरीमुळे पाठ होतं. कारागिरांची नावंसुद्धा. त्यांनी ती नावं आठवली, आणि सोमवारी सकाळी टाकी भरून गावाबाहेरचा रस्ता धरला.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते धरणापर्यंत गेले, भिंतीशी उभं राहून पाणी बघितलं आणि परत आले. एकतीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी एका गावच्या बाजारात गेले. तिथे पूर्वी त्यांचा दरारा असे. आता त्यांच्यासमोर एका भाजीवालीने राजरोस पारड्याला अंगठा लावला. ते तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "काय पाहिजे, बाबा?" ती म्हणाली. काही नको होतं. त्यांनी कांदे घेतले. पुढच्या दिवसांत रस्ते संपले तसे ते तेच रस्ते उलट्या बाजूने करू लागले. फाट्यावर उभं राहायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, समोर बघायचं. कुणी विचारत नसे कुठून आलात. एकदा पाऊण तास ते रेल्वेच्या बंद फाटकापाशी थांबले. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे लोक भोंगे वाजवून निघून गेले, तरी ते थोडा वेळ तिथेच होते. रोज निघण्यापूर्वी खाली वाकून ते रेघ बघत, पण हात लावत नसत.

चेन बसवली त्या शनिवारपासून एकोणिसाव्या दिवशी मीटरवर पाचशे दोन किलोमीटर वाढले. तो बुधवार होता. तपासनिसांनी शनिवारची वाट पाहिली नाही.

'देणे आहे'ची पाटी दाराला नव्हती. मिस्त्री एका गाडीच्या ब्रेकवर वाकला होता आणि पाटी त्याच्या गुडघ्यांखाली उलटी घातलेली होती. त्याने मान वर केली. हनुवटी गुळगुळीत होती.

"पाचशे झाले," तपासनीस म्हणाले. फुटपाथवरूनच.

"एकोणीस दिवसांत?"

"हो."

"कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही."

मिस्त्रीने हात पुसले. गाडी स्टँडला घेतली, बसला, आणि आधी नट पाहिला. पांढरी रेघ होती तशी होती, सरळ, अखंड. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. मग चेन खालून दोन बोटांनी उचलून पाहिली, चाक फिरवलं, पुन्हा उचलली, असं चार ठिकाणी केलं. खुणा मोजल्या, दोन्हीकडच्या.

"मास्तर," त्याने हाक मारली. "ओ मास्तर! बाहेर या. पाचशे किलोमीटर. केसभर हलला नाही."

टेलरमास्तर गळ्यात टेप घालून आले, वाकले, रेघ बघितली. "नाही हलला," त्यांनी कबुली दिली. "हे म्हणजे कमरेचं बटण पंगतीनंतरही जागेवर."

मिस्त्री बराच वेळ रेघेकडे बघत होता. असं समाधान तपासनिसांनी कुणाच्या तोंडावर फारसं पाहिलं नव्हतं. त्यांच्या कामात लोकांना समाधान ते गेल्यावर व्हायचं. त्यांनाही बरं वाटलं, आणि बरं वाटत असतानाच कळून चुकलं की आता काही काम उरलेलं नाही. चेन ठीक होती. नट ठीक होता. त्यांनी किल्लीसाठी खिशात हात घातला.

"चाललात कुठे?" मिस्त्री म्हणाला. त्याचं तोंड अजून गाडीकडेच होतं. "तेल कोण घालणार?"

त्याने फळीवरून तेलाची लांब चोचीची बुधली काढली आणि तपासनिसांच्या हातात दिली.

"एका वेळी एक कडी. सांध्यावर एकच थेंब. जिरला की चाक फिरवायचं, मग पुढची. घाई केलीत तर सगळं पुसून परत करायला लावीन."

"किती कड्या असतात?"

"मोजा. वजनमापवाले ना तुम्ही?" असं म्हणून तो पाटीवर गुडघे टेकून ब्रेककडे वळला.

तपासनिसांनी चाकाशी बसकण मारली. चेन जिथे जोडलेली होती त्या कडीपासून सुरुवात केली. एक थेंब. जिरेपर्यंत थांबायचं. चाक बोटभर फिरवायचं. दुसरा थेंब. मिस्त्री ब्रेकला उद्देशून काहीतरी पुटपुटत होता, शेजारी यंत्र चालू झालं होतं. एकतिसाव्या कडीला टेलरमास्तरांनी आतून विचारलं, "साहेब, मापात दांडी मारणारे जास्त कोण हो, किराणावाले की कापडवाले?"

"कापडवाले," तपासनीस म्हणाले. "एकदा काय झालं..."

गोष्ट लांबली. ती संपली तेव्हा ते कुठल्या कडीवर होते हे त्यांना आठवेना. त्यांनी चाक फिरवत फिरवत जोडाची कडी शोधून काढली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. मिस्त्रीने एकदा वळून पाहिलं. मग पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.